दिंडोशीच्या कोर्टातलं गाऱ्हाणं

सुलक्षणाने दार उघडलं, तर बाहेर एक माणूस तिच्याच दाराच्या कडीला कुलूप लावून बघत होता. लावून म्हणजे मापाला. दुकानात चप्पल पायाला लावून बघतात ना, तसं. कुलूप चांगलं जाडजूड, पितळी. माणूस मात्र बारीक, इस्त्रीच्या शर्टातला आणि सहा मजले चढून आल्यामुळे धापा टाकणारा. 'सातेरी कृपा'ची लिफ्ट बंद होती. ती चालू असती तर बिल्डिंगीत पेढे वाटले असते.

"काय चाललंय हे?" सुलक्षणाच्या हातात उलथनं होतं. आत तव्यावर घावन होतं.

"मॅडम, मी बँकेच्या वसुली खात्यातून आलोय." त्याने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यावर 'दशरथ' एवढंच वाचता येत होतं. आडनावावर बँकेने शिक्का मारला होता.

"आणि हे कुलूप कुणाचं?"

"बँकेचं."

"मग बँकेला लावा. इथे माणसं राहतात."

दशरथ ओशाळला, पण हटला नाही. हे घर बँकेकडे गहाण आहे, हप्ते थकलेत, नोटीस देऊन झाली, आता ताबा घ्यायचा, हे त्याने इतक्या स्वच्छ मराठीत सांगितलं की हा पुण्याकडचा असणार, असं सुलक्षणाने मनाशी ठरवून टाकलं.

"नोटीस? कधी दिलीत नोटीस?"

"याच दारावर लावली होती, मॅडम. शिमग्याच्या... म्हणजे होळीच्या आदल्या दिवशी."

सुलक्षणाने दाराकडे पाहिलं. दारावर केबलवाल्याचा नंबर होता, पोलिओवाल्यांनी खडूने केलेली खूण होती, गेल्या गणपतीतला उंदराचा स्टिकर होता. नोटीस नव्हती. ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात आतून घावन करपल्याचा वास आला आणि ती पळाली. परत आली तेव्हा दशरथ जिन्यावर होता. "पुढच्या आठवड्यात पोलीस घेऊन येतो हां, मॅडम," असं तो एखाद्या पाहुण्यासारखं सांगून गेला.

"अहो!" सुलक्षणाने हाक मारली. हर्षद अर्धी दाढी करून बाहेर आला. उरलेल्या अर्ध्या दाढीला साबण होता, त्यामुळे चेहऱ्यावर नेमकं काय आहे ते कळत नव्हतं.

"बँकवाला कुलूप घेऊन आला होता."

"कसलं?"

"पितळी."

हर्षद तिथेच वेताच्या मोड्यावर बसला. कुरिअर कंपनीतली बरी नोकरी सोडून त्याने देवगडची मासळी थेट उपनगरातल्या घरोघरी पोचवण्यासाठी थंडगार पेटीची व्हॅन घेतली, तेव्हा घर गहाण ठेवण्याच्या कागदावर आबांच्या सहीखाली सुलक्षणानेही सही केली होती. पहिला मोसम झकास गेला. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, साफ करून द्या. मग म्हणायला लागली, कापून द्या. मग एका बाईंनी पापलेट तळून खाल्लं आणि काटा परत पाठवला, की आम्ही मागवलं त्याहून लहान होतं. धंदा बसला. हप्ते थकलेत हे सुलक्षणाला माहीत होतं. किती थकलेत हे हर्षद सांगत नव्हता आणि ती विचारत नव्हती. वीस-बावीस वर्षांच्या संसारात एवढी माया राहतेच.

"व्हॅन विकून टाकू या का?" ती म्हणाली.

"विकेन गं. पण गिऱ्हाईक यायला वेळ तर लागेल ना. नोटीस मिळाली असती तर तेव्हाच काढली असती. आता पुढच्या आठवड्यात कोण घेणार?"

आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला. "कोण इल्लो रे?"

"कुणी नाही, आबा," दोघं एकदम म्हणाली. धोंडूआबांनी गिरणीत हयात घालवली, चाळीतली खोली सांभाळली, चाळ पडून ही बिल्डिंग उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरांतून बिऱ्हाडं हलवली, तेव्हा कुठे सहाव्या मजल्यावरचं हे घर त्यांच्या नावावर झालं. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, की आबा, परत बिऱ्हाड उचला?

दुसऱ्या मजल्यावर वनमालाताई राहायच्या. त्या वकील होत्या, पण त्यांची सगळी वकिली भाडेकराराच्या कागदांवर चालायची. सुलक्षणाचं ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू लिफ्ट चालू झाली.

"नोटीस दारावर लागलीच नाही? आणि लावली म्हणून सांगतायत? अगं, मग त्यांना ताबा घ्यायचा हक्कच पोचत नाही! आधी साखरपुडा, मग लग्न. यांना थेट वरात आणायचीय. आपण कोर्टात जायचं."

"बँकेवर?" सुलक्षणाचा आवाज खाली गेला.

"बँकेवर. पण एक आहे हां. त्यांच्याकडे पंचनामा असणार. दोन पंचांच्या सह्या असणार. आपल्याकडे साक्षीदार कोण?"

इथेच घोडं अडलं. शिमग्याला 'सातेरी कृपा'त साक्षीला पालसुद्धा सापडली नसती. अख्खी बिल्डिंग गावी. वॉचमनही गावी, कारण तोही सावंतवाडीचा. नोटीस लागली हे सांगायला बँकेकडे माणसं होती. नोटीस लागली नाही हे सांगायला सुलक्षणाकडे फक्त उंदराचा स्टिकर होता.

शेवटी आबांना सांगावं लागलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोर्टात एकट्यान जावचा नाय."

ते त्यांनी सुलक्षणाला सांगितलं होतं, पण मधल्या भिंतीपलीकडे शेजारच्या सगुणाने ऐकलं. मग तारखेच्या दिवशी दिंडोशीच्या कोर्टात वादी हर्षद, त्याचे वडील, बायको आणि वकील यांच्यामागे सगळी 'सातेरी कृपा' चालत आली. बायकांनी हळदीकुंकवाच्या साड्या नेसल्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी नंदू यांनी कपाळाला गंध लावलं होतं. कुणीतरी शिऱ्याचा डबा आणला होता, तो पोलिसाने दारात ठेवून घेतला.

बँकेचे वकील जयवंत हे उंच, खणखणीत आवाजाचे गृहस्थ. त्यांनी सुरुवातच इंग्रजीत केली, की असला दावा या कोर्टात चालूच शकत नाही. न्यायाधीशांनी हात वर केला.

"ते मी बघेन. तुम्ही मराठीत बोला. घर यांचं चाललंय, निदान कसं चाललंय ते यांना कळू दे."

जयवंतांची पंचाईत झाली. त्यांची सगळी वाक्यं 'युअर ऑनर' या खुंटीला टांगलेली. मराठीत ती खुंटी कुठली? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना शब्द सापडला.

"महाराज! या इसमाने आमच्या बँकेकडून कर्ज घेतलं, महाराज!"

"व्हय म्हाराजा!"

मागचे बाक एका सुरात बोलले. जयवंत दचकले. पण वकिलाला मध्ये थांबणं माहीत नसतं.

"त्या कर्जापोटी राहतं घर गहाण ठेवलं, महाराज!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हप्ते भरले नाहीत, महाराज!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी पुढे बसलेला हर्षदही म्हणाला. सुलक्षणाने त्याला कोपराने ढोसलं, तोवर उशीर झाला होता.

"तेव्हा आम्ही रीतसर त्यांच्या दारावर नोटीस लावली, महाराज!"

"व्हय म्हाराजा!" यात सगुणाचा आवाज सगळ्यांत वर होता.

वनमालाताईंनी कपाळ फायलीवर टेकलं.

आता यात त्या माणसांचा काय दोष? त्यांच्या मुलखात पूजा असो, लग्न असो, क्रिकेटची मॅच असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक म्हातारा माणूस हात जोडून, खड्या आवाजात देवाला सगळी हकिगत सांगतो आणि प्रत्येक वाक्य 'म्हाराजा'वर आणून टेकवतो. तिथे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. पाळण्यातली पोरं बोलायला लागण्याआधी ते म्हणायला लागतात. त्यात काय सांगितलं याकडे कोण बघतं? जयवंतांचा सूर बरोबर लागला होता, एवढंच.

"याची नोंद व्हावी," जयवंत आनंदाने म्हणाले. "समोरच्या पक्षाने सगळे मुद्दे मान्य केले आहेत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही सगळे कोण?"

"आम्ही नुसतेच आलोय, साहेब," सगुणा म्हणाली.

"मग हो का म्हणालात?"

"ते महाराज म्हणाले ना!"

न्यायाधीशांनी बराच वेळ रुमालाने चष्मा पुसला. काच आधीच स्वच्छ होती. मग म्हणाले, "पुढच्या तारखेला घराचे मालक, हे आजोबा, यांचं म्हणणं ऐकू. आणि ज्याने नोटीस लावली त्या अधिकाऱ्यालाही हजर ठेवा. तोपर्यंत कुलूप लावू नका."

संध्याकाळी गच्चीवर सुलक्षणाने सगळ्यांना गोळा केलं. एरवी ती मऊ बोलणारी बाई. त्या दिवशी टाकीचं पाणी हललं असेल.

"कौतुक तरी किती करू तुमचं! बँकेला जे सिद्ध करता येत नव्हतं ते तुम्ही ओरडून ओरडून सिद्ध केलंत! पुढच्या तारखेला कुणीही यायचं नाही."

"असं कसं गं?" सगुणा म्हणाली. "म्हातारा माणूस एकटा उभा राहणार आणि आम्ही घरी सीरियल बघायची?"

"मग तोंड बंद ठेवणार का?"

"ठेवू की."

"तू? सगुणा, तू झोपेत पण बोलतेस. मला भिंतीतून ऐकू येतं."

"मग काय काय ऐकतेस ते पण सांग ना सगळ्यांना!"

बराच वेळ हे चाललं. शेवटी तोडगा असा निघाला, की कोर्टात शिरताना प्रत्येकाने तोंडात लिमलेटची गोळी धरायची. चावायची नाही. गोळी आहे तोवर तोंड उघडायचं नाही. गोळ्यांचा खर्च सोसायटीच्या सांस्कृतिक फंडातून करावा, असा ठराव नंदूंनी तिथल्या तिथे मंजूर केला.

आबांची तालीम सुलक्षणाने घरी घेतली.

"आबा, साहेबांनी विचारलं, शिमग्याला कुठे होतात, तर काय सांगायचं?"

"गावाक."

"नोटीस बघितलीत का?"

"नाय."

"बस. एवढंच. पुढे एक शब्द नाही."

"बरा," आबा म्हणाले. पण ते 'बरा' सुलक्षणाला काही बरं वाटलं नाही.

तारखेच्या दिवशी मागचे बाक पुन्हा भरले. सगळ्यांचे एकेक गाल फुगलेले. गालफुगी आलेल्या माणसांची सहल निघावी तसे सगळे बसले होते. पलीकडे जयवंतांच्या मागे दशरथ बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली. सुलक्षणाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"आजोबा," न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचंय?"

"सगळा सांगू?"

"सगळं सांगा. घाबरू नका."

सुलक्षणाने डोळे मिटले. व्हायचं तेच झालं. आबांनी वहाणा बाजूला काढल्या, टोपी सारखी केली, हात जोडले आणि न्यायाधीशांच्या डोक्यावरून कुठेतरी वर बघत खडा आवाज लावला.

"बा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत रे म्हाराजा!"

आबा सवयीने थांबले. मागून काहीच आलं नाही. फक्त दातांवर गोळ्या आपटल्याचा बारीक आवाज आला.

"माझ्या झिलान धंद्यासाठी कर्ज काढल्यान. हप्ते चुकले, ता खरा. पण तेच्या मनात खोट नाय रे म्हाराजा!"

पुन्हा नुसत्या गोळ्याच वाजल्या. सगुणाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. नंदूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. आबांनी वळून मागे पाहिलं. आपली सगळी माणसं ओठ आवळून बसलेली त्यांना दिसली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तोंड पुन्हा वर केलं.

"आज माका साथ देवक कोण नाय रे म्हाराजा..."

 घर जायचं तर जाऊ दे, आपण म्हणावं 'व्हय म्हाराजा', असं सुलक्षणाला वाटलं. तिने गोळी गालात सरकवली. पण आबा पुढे निघाले होते. आणि गाऱ्हाण्याच्या शेवटी ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यासाठीही मागायचं असतं.

"तो बँकेचो झील, तो पण कोणाचो तरी लेक आसा. शिमग्याच्या आदल्या दिवशी कोणाचा चित्त थाऱ्यार आसता? गावाक जावची घाई, गाडयेची येळ झाली, जिनो चढलो नसात, खालीच खंय कागद चिकटवन गेलो आसात. तर तेची ती चूक पदरात घे, आणि तेच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज स्वच्छ होता, मनापासून आलेला होता आणि उलट्या बाजूने आला होता. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. दशरथ उभा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले.

मग त्याने डोळे उघडले, आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळलं.

"गाव खंयचा रे तुझा?" आबांनी विचारलं.

"आजोबा, प्रश्न मी विचारायचे असतात," न्यायाधीश म्हणाले. मग दशरथकडे वळले. "गाव कुठलं?"

"कुडाळजवळचं, साहेब."

जयवंत ताडकन उठले. "महाराज... युअर ऑनर! ही निव्वळ सवय आहे! या लोकांच्या 'होय'ला काहीही अर्थ नसतो!"

"मागच्या तारखेला तर होता," वनमालाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "नोंदसुद्धा करायला सांगितली होतीत."

न्यायाधीशांनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी पुसायचं सोंग केलं नाही. हसले. मग गंभीर होऊन दशरथला म्हणाले, "नीट विचार करून सांगा. सवयीने म्हणालात, की खरं आहे म्हणून म्हणालात?"

दशरथने जयवंतांकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. त्याची पुण्याकडची मराठी कुठच्या कुठे गेली.

"साहेब, माझ्या पोरांका सुखी ठेव म्हणून मागितल्यानी त्यांनी. तेका खोटा 'व्हय' कसा म्हणू?"

मग सगळं बाहेर आलं. लिफ्ट बंद होती. गाडी बोरिवलीहून सुटायची होती. मुलं सामान घेऊन स्टॉपवर उभी होती. सहावा मजला म्हटल्यावर त्याने वर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि नोटीस खाली मीटररूमच्या दाराला चिकटवली. आल्यावर वर लावू म्हणाला, पण आला तोवर मीटररूमच्या दाराला सोसायटीने नवा रंग दिला होता.

"आणि पंचांनी सह्या कुठे केल्या?" वनमालाताईंनी विचारलं.

"गाडीत. दोघेही आमच्याच वाडीतले. पनवेलच्या पुढे केल्या."

मागच्या बाकावर कुणाची तरी गोळी कडाडकन फुटली.

निकाल साधा होता. नोटीस दिलेली नाही, म्हणून बँकेचं पुढचं सगळं रद्द. बँकेला घर हवं असेल तर पहिल्यापासून कायद्याने यावं. आणि मिळालेल्या मुदतीत या कुटुंबाने थकबाकी भरली, तर बँकेने कुलूप स्वतःच्या कपाटाला लावावं. हे शेवटचं वाक्य निकालात नव्हतं, न्यायाधीश तोंडी म्हणाले. सुलक्षणाला ते तेवढंच पाठ आहे.

बाहेर आल्यावर तिने आबांचा हात धरला. "आबा, मीच त्यांना गप्प बसवलं होतं. रागावलात?"

"रागावतलंय कशाक?" आबा म्हणाले. "पण पुढच्या येळेक गोळी माका पण दी गो."

व्हॅन महिन्याभरात गेली. एका कुल्फीवाल्याने घेतली. दोन दिवस धुऊनही पेटीतला बांगड्याचा वास गेला नव्हता, ते हर्षदने त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभा राहिला. मग जुन्या कुरिअर कंपनीला फोन करायला वर आला. थकबाकीची सोय झाली होती. तशात एका दुपारी बेल वाजली.

दारात दशरथ होता. धापा टाकत. हातात कुलूप नव्हतं, नोटीस होती आणि चिकटपट्टीची गुंडाळी होती.

"अजून बँकेतच?" सुलक्षणाने विचारलं.

"काढणार होते, ताई. पण मग ही नोटीस घेऊन सहा मजले कोण चढणार, असा प्रश्न आला." तो घाम पुसत म्हणाला. "पैसे भरताय ते माहीत आहे मला. पण कोर्टाचा हुकूम आहे, पहिल्यापासून करायचं."

"करा ना. आणि पंच?"

"इथलेच दोन द्या."

सगुणा आणि नंदू सही करायला आधीच दारात येऊन उभे होते. सगुणाने सही करण्यापूर्वी नोटीस अख्खी वाचली, मोठ्याने, आणि दोन ठिकाणी 'शी' म्हणाली. आतून आबा ओरडले, "इलो काय तो? तेका सोलकडी दी गो आधी!"

दशरथने नोटीस दाराला टेकवली.

"डावीकडे," सुलक्षणा म्हणाली. "अजून. आता जरा वर. वाकडी होतेय हो, परत काढा. उंदराच्या कानावर पट्टी नको. हां, अशी."

चारही कोपरे तिने स्वतः अंगठ्याने दाबले. दशरथने खिशातून मोबाईल काढला आणि दोन पावलं मागे सरकला.

"फोटो लागतो आता," तो म्हणाला. "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. बँकेला नुसतं दार पाहिजे."

"दार माझं आहे," सुलक्षणा म्हणाली, आणि पदर सारखा करून चौकटीत उभी राहिली.